टिरेटा बाजार, सायकलवरून

कोलकात्याच्या जुन्या चायनाटाउनला, म्हणजे टिरेटा बाजारला, सायकलनं जायचं तर रविवार धरावा आणि उजाडता उजाडता निघावं. पोद्दार कोर्ट या इमारतीशेजारच्या सन यत सेन स्ट्रीटवर न्याहारी सहाच्या सुमाराला मांडली जाते. आठपर्यंत त्यातलं चांगलं ते संपलेलं असतं. उशिरा पोचलात तर नेहमीचा भाजीबाजार बघून परतायचं.

एस्प्लनेडहून बेंटिंक स्ट्रीट धरला की चिनी बूटवाल्यांची जुनी पेठ लागते, मग लालबाजार, मग रवींद्र सरणी. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. पण या शहरात पाट्या वाचत जायची सवय हवी. मोठ्या रस्त्यांवर सायकलबंदी असते आणि कित्येक एकेरी रस्ते दुपारी चक्क दिशा बदलतात, म्हणजे सकाळी आलात त्या वाटेनं परतता येईलच असं नाही. खरा वैरी ट्रामचा रूळ. जिथं तो अजून उखडलेला नाही तिथं 28 मिमीचा टायर खाचेत अलगद उतरतो आणि हँडल वळेनासं होतं. रूळ ओलांडायचा तो शक्यतो काटकोनात, आणि ओला असेल तर त्यावर ब्रेक दाबायचा नाही, वळायचंही नाही. 35 मिमीचे टायर असतील आणि हवा थोडी कमी भरलेली असेल तर जीव निम्मा हलका होतो.

न्याहारीची भांडी पाहून मराठी माणसाला मोदकपात्रच आठवेल. थरावर थर, खाली उकळतं पाणी. बाओ म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव, शुमाई म्हणजे वरून उघडे मोमो, बाजूला फिश बॉलचं सूप. डुकराचं मांस जवळपास सगळ्यात असतं, तेव्हा शाकाहाऱ्यांनी चहावर समाधान मानावं. बाओ झाकण उघडल्याबरोबर खावा; डब्यात भरून नेला की वाफेचं पाणी सुटून वरचं आवरण चिकट होतं. ठेले आता मोजकेच उरलेत. 1962च्या युद्धानंतर इथल्या कितीतरी चिनी कुटुंबांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. पुढं अनेकांनी देशच सोडला.

खाऊन झालं की मान वर करून फिरावं, कारण इथली देवळं बहुधा माडीवर आहेत. छातावाला गल्लीतलं सी इप 1905चं, देवी क्वान यिन. सी इप म्हणजे चार परगणे. बांबूच्या नळ्यात काड्या असतात. गुडघे टेकून नळा हलवत राहायचं, एक काडी निसटून पडते, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची, तोच कौल. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवरचं सी यूप कून हेही त्याच चार परगण्यांतल्या, चीनच्या ग्वांगदोंग प्रांताकडच्या माणसांनी बांधलेलं. तिथंही देव माडीवरच.

टेंगरा, म्हणजे हाक्का या चिनी समाजातल्या चामडेवाल्यांची वस्ती, इथून पूर्वेला सहा-सात किलोमीटर. 1996च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टॅनऱ्या, म्हणजे चामडं कमावायचे कारखाने, शहराबाहेर बानतल्याला हलवल्या गेल्या. मागं उंच भिंती आणि खानावळी उरल्या. लोक सकाळीच दोन्ही उरकायला जातात आणि फसतात. टेंगऱ्याची हॉटेलं दुपारी बाराच्या आसपास उघडतात. मधला वेळ चिनी काली मंदिरात काढता येतो. तिथं देवीला नूडल्सचाही नैवेद्य असतो. पण ऊन चढलं की एंटालीकडच्या गर्दीत सायकल हाकणं नकोसं होतं, तेव्हा टेंगऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाणंच बरं, पुढचा-मागचा दिवा लावून.