आप्पांची डुक्कर फियाट माझ्या नावावर करताना

आप्पा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. बाराव्या-तेराव्याला आलेल्यातल्या निम्म्या लोकांनी हेच विचारलं, "आता गाडीचं काय करणार रे?" घराचं नाही, शेताचं नाही, गाडीचं. शेडमध्ये उभी होती, १९६१ ची फियाट ११००, जिला आपल्याकडं सगळे डुक्कर फियाट म्हणतात, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

आप्पा रेल्वेत कीमन होते, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-गुंजी सेक्शनला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कीमन म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतली लाईन पायी तपासणारा माणूस, जाताना एका रुळाकडं बघत जायचं, येताना दुसऱ्या. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली असली तर ठोकायची, बोल्ट आवळायचे. आपल्या भागातला पाऊस कसा आहे ते सांगायला नको, त्यात रात्रीच्या गस्तीवर बॅटरी, लाल कंदील आणि फटाके, कुठं माती खचली तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे ते फटाके. मीटरगेज होती तेव्हापासून ब्रॉडगेज झाली तोवर सगळं त्यांनी पायानं मोजलं. हातोडा मारला की आवाजावरनं कळायचं म्हणे चावी बसलीय की नाही. आम्हाला दोन्ही आवाज सारखेच.

तोच कान गाडीला लावला. १९८९ ला बेळगावच्या कॅम्पातल्या एका डॉक्टरकडनं पीएफचं लोन काढून १४ हजाराला घेतली, आईनं पंधरा दिवस अबोला धरला, कारण तेव्हा घरावर कौलं बदलायची होती. रविवारी सकाळी बॉनेट उघडून आप्पा टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाचा, आवाज ऐकत बसायचे, फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घालायचे, परत ऐकायचे. मेस्त्री म्हणायचा, "आप्पा, गाडी चांगली आहे की." आप्पा म्हणायचे, "हाय, खरं तिसरा बोलतोय."

तर आता प्रोसेस.

मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसानं नाव चढवायचं असतं. मला हे माहीत नव्हतं, मी सहा महिन्यांनी जागा झालो. त्यात आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदतही संपली, जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, फॉर्म २५. पूर्वी फी ६०० रुपये होती, माझ्या वेळी ती कारला ५,००० होती, एप्रिल २०२२ ला वाढलेली, आणि उशीर केला की महिन्याला ५०० वर. माझे सात महिने, म्हणजे साडेतीन हजार नुसता आळसाचा दंड, वर ग्रीन टॅक्स वेगळा.

पहिला घोळ नावाचा. रेल्वेच्या पेन्शनच्या कागदावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आरसीवर तिसरंच. वंशावळ काढायला गेलो तर ती कानडीत, त्यात चौथं. मला कानडी बोलता येतं, वाचायला अडखळतो, त्यामुळं खिडकीवरच्या माणसानं "नाळे बर्री", उद्या या, म्हटलं की कळायचं पण कागदावर काय चुकलंय ते कळायचं नाही. शेवटी शेजारच्या पोरीला, ती कन्नड मीडियमची, सोबत नेली आणि एका दिवसात तीन चुका सापडल्या. ॲफिडेव्हिट केलं की ही चारही नावं एकाच माणसाची. बहिणींची संमती घेतली, थोरलीनं सही करताना अट घातली की दिवाळीला गाडीतनं माहेरी आणायचं.

दुसरा घोळ भारी होता. गाडीचा नंबरच कॉम्प्युटरवर नाही. बेळगाव १९५६ ला म्हैसूर राज्यात आलं, राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ ला, गाडीच्या पाटीवर अजून एम वाय. रेकॉर्ड सगळं जुन्या रजिस्टरात, दर वेळी रिन्यूही त्यातच झालेलं. तर आधी बॅकलॉग एंट्री करायची, म्हणजे जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढवायचं, मग पोर्टलवर अर्ज. बाहेरच्या एजंटनं सांगितलं "साहेब, भंगारात घाला, सुटाल", मी त्याच्याशी त्यानंतर बोललो नाही.

मधेच एकानं व्हिंटेज रजिस्ट्रेशनचं डोक्यात घातलं. २०२१ पासून तसा नियम आहे, ५० वर्षांवरची मूळ रूपातली गाडी पाहिजे, नव्यानं नोंदवायची तर फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला मस्त. खरं ती गाडी मग रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच काढायची, रोजच्या वापराला नाही. आप्पा तिच्यातनं बाजाराला जायचे, डिकीत भाताची पोती घालायचे. म्हटलं नको, साधंच रिन्यू करू.

इन्स्पेक्शनच्या दिवशी गाडी सुरू झाली, लाईटी लागल्या, ब्रेक लागला, हॉर्न तर इतका वाजला की लाईनीतले सगळे वळले. आणि चेसिस नंबरवर येऊन अडकलं. इन्स्पेक्टर म्हणाले नंबर दिसत नाही, पेन्सिल प्रिंट पाहिजे. बॉनेटखालच्या पत्र्यावर रंगाचे किती थर चढलेत देव जाणे. घासायलाही भीती वाटते, जास्त घासलं तर अक्षर गेलं आणि मग नंबर खोडला म्हणून वेगळीच केस.

घरी आलो. आप्पांच्या ट्रंकेत डायऱ्या होत्या, ड्युटीच्या नाही, गाडीच्या, खरं लिहिल्यात ड्युटीसारख्याच, तारीख, काय बघितलं, काय ढिलं होतं, काय आवळलं. १९९४ च्या डायरीत रंगकामाच्या आदल्या दिवशीची नोंद, "नंबर रंगाखाली जाणार" आणि खाली पेन्सिलनं घासून घेतलेला चेसिस नंबरचा कागद डिंकानं चिकटवलेला, शेजारी पत्र्याचं चित्र काढून कुठल्या कडेपासून किती बोटं ते. मी तिथंच जमिनीवर बसलो. आईला हाक मारायची होती, आवाज निघेना.

त्या मापानं मेस्त्रीनं तेवढाच चौकोन रिमूव्हर लावून अलगद साफ केला. सगळे आकडे जुळले. इन्स्पेक्टरनी डायरी हातात घेऊन चार पानं चाळली, विचारलं, "रेल्वेत होते काय?" मी म्हटलं, हो, कीमन. "तरीच," म्हणाले, आणि सही केली.

दिवाळीला थोरलीला आणलं. तिसरा टॅपेट अजून बोलतोय, मला आता ऐकू येतो.

कार्ड पोस्टानं आलं त्यात माझ्या नावात एक अक्षर जास्त पडलंय. बायको म्हणाली राहू दे की, कोण बघतंय. नाही, सोमवारी परत जाणार आहे, शेजारच्या पोरीला सोबत घेऊन.