आठ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये अणू किती? हे गणित मी असं सोडवतो

वजन, आकारमान काहीही दिलेलं असो, मी आधी 'अणू' की 'रेणू' या शब्दाखाली रेघ मारतो. द्विअणुक (एका रेणूत दोन अणू असलेल्या) वायूंच्या गणितात आकडेमोड फारशी चुकत नाही, हा शब्द चुकतो. हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्या मराठी मुलांची इथे हमखास गफलत होते, कारण हिंदीत 'अणु' म्हणजे आपला रेणू आणि आपल्या अणूला तिथे 'परमाणु' म्हणतात. गणित बरोबर सोडवूनही उत्तर निम्मं येतं.

आता ८ ग्रॅम ऑक्सिजन वायू घेऊ. रेणुवस्तुमान ३२, म्हणून ८ ÷ ३२ = ०.२५ मोल. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कण, म्हणून त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की १.५०५५ × १०^२३ रेणू. एका रेणूत दोन अणू, म्हणून ३.०११ × १०^२३ अणू.

पडताळा मी दुसऱ्या वाटेने घेतो. अणुवस्तुमान १६ धरलं तर ८ ÷ १६ = ०.५ मोल अणू, आणि त्याचेही ३.०११ × १०^२३ अणूच होतात. मात्र या वाटेने गेल्यावर शेवटी पुन्हा २ ने गुणायचं नाही, दोनाचा हिशेब १६ ने भागतानाच झालेला असतो. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की उत्तर ६.०२२ × १०^२३ येतं. हा आकडा इतका ओळखीचा आहे की संशयही येत नाही.

पूर्ण एक मोलासाठी १२.०४४ × १०^२३ अणू, म्हणजे १.२०४४ × १०^२४. दशांशचिन्ह डावीकडे सरकलं की घात वाढतो. चुकून १०^२२ लिहिलं, तर अणू रेणूंपेक्षाही कमी भरतात! २८ ग्रॅम नायट्रोजन किंवा ७१ ग्रॅम क्लोरीन घेतला तरी आकडा हाच. हेलियम, अरगॉन हे एकाणुक, तिथे दुप्पट करायची नाही. ओझोन असेल तर तिप्पट.

लिटरमध्ये दिलं असेल तर मी जास्त सावध असतो. २२.४ लिटर हा आकडा फक्त ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबासाठी आहे. तिथे ५.६ लिटर म्हणजे बरोबर ०.२५ मोल, वरचंच उत्तर. पण त्याच दाबाला तापमान २५ अंश असेल तर एक मोल सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो. तेव्हा ५.६ लिटरमध्ये जवळपास ०.२२९ मोल, म्हणजे सुमारे २.७५ × १०^२३ अणू. फरक आठ-नऊ टक्क्यांचा आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय ० अंशालाच दाब १ बार धरला की २२.४ ऐवजी २२.७ लिटर घ्यावे लागतात. प्रश्नात तापमान आणि दाब दिलेलेच नसतील, तर कोणता आकडा धरला ते मी उत्तराशेजारी लिहून ठेवतो.