टोकाचं गाईड आणि इपॉक्सीचं माप

आजचा अख्खा दिवस मासेमारीच्या रॉडच्या गाईडांमध्ये, म्हणजे दोरी ज्यातून जाते त्या कड्यांमध्ये गेला. दोरी सारखी तुटते म्हटलं की दोष दोरीलाच दिला जातो, पण खोट बऱ्याचदा कड्यात असते. कान साफ करायची कापसाची काडी कड्यातून फिरवा. तंतू अडकले की समजा, तडा आहे.

टोकाचं गाईड हॉट ग्लूनेच (तापवून लावायच्या गोंदाने) बसवा, ही कळकळीची विनंती. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) पक्कं केलं तर पुढच्या वेळी काढताना जास्त आच द्यावी लागते आणि रॉडच्या कार्बन तंतूंना धरून ठेवणारं रेझिन करपून टोक ठिसूळ होतं. लायटर गाईडच्या धातूच्या नळीलाच दाखवायचा, तोही दोन-तीन सेकंद.

मधल्या गाईडचा रॉडवर टेकणारा पाय कानशीने धारेसारखा पातळ करा. नाहीतर गाईड बांधायचा दोरा त्यावर चढताना पायरी पडते, फट राहते, पाणी शिरतं. वेढे पायाच्या 4-5 मिमी आधीपासून घ्या. शेवटचे 8 वेढे उरले की त्यांच्याखाली दोऱ्याचा फास ठेवा, टोक त्यात ओवून ओढून घ्या. दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप देण्याआधी रील सीटकडून (रील बसते त्या जागेकडून) नजर लावून सगळी कडी एका रेषेत आणा, नंतर ती हलत नाहीत.

एकास एक मापाची इपॉक्सी असेल तर 3-3 मिली, वेगवेगळ्या सिरिंजने. अंदाजाने ओतलेली दुसऱ्या दिवशीही चिकट राहते. तीन मिनिटं सावकाश ढवळा, घाई केली की बुडबुडे. मग लेप देऊन रॉड निदान 4 तास फिरता ठेवा, नाहीतर लेप एका बाजूला ओघळतो. 24 तास हात लावू नका.