कित्तूरचं जोतं, खानापूरचा सोपा

कित्तूरच्या राजवाड्याला छप्पर नाही. जोती, म्हणजे घराचे दगडी चौथरे, आहेत, जाडजूड भिंती आहेत, न्हाणीघर आहे, विहीर आहे. पण मान वर केली की थेट आभाळ. बेळगाव-धारवाड महामार्गावरून आत वळलं की थोड्याच वेळात किल्ला येतो. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी इथे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शेवट १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत झाला. हा इतिहास आमच्या भागातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मी मात्र या वेळी घर बघायला गेलो होतो. माणसं झोपत कुठे, सैपाक कुठे व्हायचा, पाणी कुठून येऊन कुठे जायचं, हे बघायला.

जोत्यांवरून फिरलं की ते बरंचसं कळतंही. भिंतीत ठेवलेल्या एका भोकातून ध्रुवतारा दिसतो, असं तिथे दाखवतात. कित्तूर साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून साडेपंधरा अंशच वर. इतका खालचा तारा घरात बसून बघायचा तर भिंतीलाच वाट ठेवायला हवी. ज्याला हे सुचलं, त्या गवंड्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडले. पण खांब कसे होते, माडीचा भार कुणी पेलला, पावसाळ्यात पागोळ्या कुठे पडत, हे जोतं सांगत नाही. किल्ल्यातल्या संग्रहालयात वाड्याचं थोडं कोरीव लाकूडकाम ठेवलं आहे, तेवढंच. बाकीचं लाकूड गेलं आणि त्याच्याबरोबर घराचा सांगाडा गेला.

तो सांगाडा बघायचा म्हणून बिडी गावावरून नंदगडच्या रस्त्याला लागलो. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. कित्तूर पडल्यावरही लढत राहिलेल्या या माणसाला इंग्रजांनी १८३१ मध्ये इथेच फाशी दिलं. पुढचा रस्ता छपरांकडे बघत करावा. सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या काळ्या रानात पाऊस बेताचा, त्यामुळे जुन्या घरांना सपाट मातीची माळवदं चालतात. खानापूरकडे सरकावं तशी माती तांबडी होते, झाडी दाटते आणि छप्पर उतरतं होत जातं. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीकडे तर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तिथे माळवद एक पावसाळाही तग धरणार नाही. घराचा आकार पाऊस ठरवतो, हे एकाच जिल्ह्यात एका दिवसात डोळ्यांनी बघायला मिळतं.

खानापूर तालुक्यातल्या ज्या गावात गेलो त्याचं नाव मुद्दाम देत नाही; घर राहतं आहे. जुना पाटलाचा वाडा. बाहेर उभा राहून बघत होतो, तर आतून आज्जींचा आवाज आला, "काय बघूलालासा पावणं? आत या की!"

जोतं जांभ्याच्या चिऱ्यांचं, कमरेएवढं. चार पायऱ्या चढून सोपा, म्हणजे पुढची ओसरी. सोप्याचे खांब सागवानी आणि प्रत्येकाच्या बुडाशी दगडी तळखडा, म्हणजे लाकूड जमिनीच्या ओलीला टेकतच नाही. खांबाच्या माथ्यावर आधाराचा लाकडी हस्त, हस्तावर तुळई म्हणजे मोठं आडवं लाकूड, तुळईवर कड्या आणि पाट. दोन खांबांमधली मातीची भिंत मधेच एका ठिकाणी ढासळली होती, तरी वरची माडी जागची हलली नव्हती. कारण भार भिंतीवर नाहीच, सगळा खांबांवर आहे. कित्तूरला जे कळत नव्हतं ते इथे एका नजरेत कळलं.

दाराची चौकट ठेंगणी, उंबरा उंच; वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. दारामागे भिंतीत खोल भोक आहे, त्यात सरकणारा लाकडी अडसर अजून रोज रात्री लावतात. पुढच्या अंगाला गोठा, घराच्या छपराखालीच. मग चौक, तुळस, आणि चौकात पडलेलं सगळं पाणी जोत्याखालच्या दगडी मोरीतून परड्यात, म्हणजे मागच्या अंगणात, काढलेलं. माजघरात भर दुपारी अंधार आणि गारवा. माडीच्या फळ्यांवर मातीचा जाड थर आहे, त्यामुळे उन्हाची धग खाली उतरत नाही.

छपरावर आता मंगळुरी कौलं आहेत. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली या कौलांचा पहिला कारखाना काढला. पुढे खानापूरच्या मातीतही कौलं भाजली जाऊ लागली. परड्यातल्या खोपीवर मात्र कुंभाराची जुनी नळीची कौलं अजून आहेत.

वासे काळेभोर झालेत. मी तिकडे बघतोय हे पाहून आज्जी म्हणाल्या, "चूल बंद झाली की घर कुजतंय बघा." घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी त्या मुद्दाम लाकडावर तापवतात. तो धूर वाशांत फिरतो, लाकूड कोरडं राहतं, कीड लागत नाही. शेजारच्या घराची भावाभावांत वाटणी झाली, चौकात भिंत उभी राहिली, मोरी बुजली आणि निम्मं घर ओलीने बसलं. तेही मी बघून आलो.

कर्नाटकात जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा १९६१ चा कायदा आहे. कित्तूरसारख्या वास्तूंना त्याची गरज आहेच, नाहीतर जोत्याचे दगडही उरले नसते. पण राहत्या घराला नुसता फलक लावून भागणार नाही, असं मला मनापासून वाटतं. त्याला दर उन्हाळ्यात कौलं परतणारा माणूस लागतो, परवडणारं लाकूड लागतं, मातीचं काम जाणणारा गवंडी लागतो. सरकारला मदत करायची असेल तर ती इथे करावी. आणि निदान या घरांचे नकाशे तरी मोजून काढून ठेवावेत. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना असं एकेक घर उन्हाळी सुट्टीत वाटून दिलं तरी केवढं काम उभं राहील!

जायचं तर एप्रिल-मे मध्ये जा. तेव्हा कौलं उतरवलेली असतात आणि आढं, वासे, रिपा, सगळं खालून उघडं दिसतं. सकाळी कित्तूर करून दुपारी खानापूर गाठता येतं. सोप्यात चढण्याआधी हाक मारा, चपला पायरीशी काढा आणि माजघराचे फोटो विचारूनच काढा.