अकराच्या पोटात एक्सपी

अजून पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम, कशाला ठेवलाय, असं नवीन पोरं विचारतात. गिऱ्हाइकासाठी, दुसरं काय! पतसंस्थेचे सेक्रेटरी येतात, "गेल्या वर्षीचाच अहवाल, फक्त साल आणि आकडे बदला" म्हणतात, आणि ती फाइल निघते पेजमेकर ७ची. हे व्हर्जन २००१चं, त्यापुढे नवं आलंच नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ व्हर्जनपर्यंत या फाइली उघडता यायच्या. त्यानंतरच्या सीसी व्हर्जनपासून तीही सोय गेली.

जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला आणि विंडोज ११चं मशीन आलं. गंमत म्हणजे पेजमेकर त्याच्यावरही चालतो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटीत जुनं विंडोज, म्हणजे एक्सपी सर्व्हिस पॅक ३, आणि खाली ॲडमिनिस्ट्रेटरची टिक. डिफॉल्ट प्रिंटर पोस्टस्क्रिप्टवाला (ही प्रिंटरला पान सांगायची भाषा) लावायचा, नाहीतर कुरकुरतो.

घोडं अडलं ते मराठी फाँटच्या डाँगलपाशी, म्हणजे यूएसबीत लावायच्या किल्लीपाशी; ती लावल्याशिवाय फाँट चालत नाहीत. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅम चालतो, पण डाँगल ओळखायला लागणारा त्याचा ३२ बिट ड्रायव्हर नाही. आणि अकरा ६४ बिटमध्येच येतं. विकणाऱ्यांना फोन केला तर "नवीन घ्या" एवढंच. पैशाचं सोडा हो, पण जुन्या फाइलीतला मजकूर युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालतो तसा, नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, वेलांट्या, अर्धे वर्ण बसवलेले. तोच फाँट नसेल तर अख्खं पान टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचं दिसतं. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी कुठे जाऊन बसेल याचा भरवसा नाही. ताळेबंदाच्या टिपांमध्ये असले खेळ कोण तपासत बसणार?

मग व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम. त्यात एक्सपी, एक जीबी रॅम (भरपूर झाली), आणि यूएसबी फिल्टरमध्ये डाँगलचं नाव, म्हणजे लावल्याबरोबर ते थेट आतल्या एक्सपीला दिसतं. तिथे त्याचा ३२ बिट ड्रायव्हर निमूट बसला. नेटवर्क मात्र पूर्ण बंद. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४मध्येच थांबले, त्याला नेटवर सोडण्यात अर्थ नाही. फाइलींची ये-जा शेअर्ड फोल्डरमधून.

छपाईला पाठवताना आतून 'प्रिंट टू फाइल' करून पीएस (पोस्टस्क्रिप्ट) फाइल काढतो आणि बाहेर अकरावर घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करतो. पीएस काढतानाच फाँट आत घ्यायचे, बाहेर ते नसतात. व्हॉट्सॲपवरून आलेला युनिकोड मजकूर पेजमेकरमध्ये थेट पेस्ट केलात तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून दोन-चार ओळी असतील तर मी सरळ टाइप करतो.

अख्खा एक्सपी म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची एक व्हीडीआय फाइल. ती बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली की झालं. डाँगलची कॉपी निघत नाही. त्याचं टोक आधीच हलतंय, म्हणून ते यूएसबी एक्स्टेन्शनला लावून ठेवलंय आणि मोठ्या गिऱ्हाइकांचे अहवाल सवड मिळेल तसे युनिकोडमध्ये नव्याने लावतोय. लग्नपत्रिका शेवटी.