हाक मारली की 'वारी'

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत मेरीची 'मारी' होते. पण तिला हाक मारायची झाली तर 'अ वारी!' म्हणायचं, कारण संबोधनात नावाचं पहिलं अक्षरच मऊ पडतं. भर वर्गात पहिल्यांदा तशी हाक मारली आणि डोळ्यांपुढे टाळ-मृदंग आले. शेमसला हाक मारताना 'अ हेमिश' होतं. जगभर चालणारं हेमिश हे नाव त्यातूनच आलंय. 'रामा, इकडे ये' ऐकून कुणी दाखल्यावर नावच 'रामा' लिहावं, तसं!

तर, मी ग्लासगोत माध्यमिक शाळेची गेलिक शिक्षिका व्हायला शिकतेय. आपल्या बी.एड.सारखाच कोर्स, पण वर्षभराचा. 36 आठवडे, त्यातले निम्मे शाळांमध्ये. पुढे एक वर्ष प्रोबेशन. भाषा त्याआधी स्काय बेटावरच्या सावल मोर ओस्टेग या गेलिक कॉलेजात शिकले. तिथे सगळं गेलिकमध्येच चालतं, कँटीनमधला चहासुद्धा. 2022 च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे 70 हजारांच्या आतच भरले, म्हणून शिक्षकांची गरज आहे. नाहीतर मला कोण विचारतंय?

इथे शाळेत गेलिकचे दोन वेगळे विषय असतात: एक गेलिक माध्यमातून आलेल्या मुलांसाठी, दुसरा नव्याने शिकणाऱ्यांसाठी. माझा वर्ग दुसरा. परवाचा पाठ साधा होता: 'माझ्याकडे कुत्रा आहे.' गेलिकमध्ये इंग्रजीतल्या 'हॅव'सारखं क्रियापदच नाही. 'हा कू अकम', म्हणजे आहे, कुत्रा, माझ्याकडे. मला हे शिकताना दहा सेकंदही लागले नव्हते, कारण मराठीत आपण तेच म्हणतो. टाचणात पाच मिनिटं धरली होती, लागली वीस. मुलं 'मी' कुठेय ते शोधत होती आणि त्यांचं अडतंय कुठे तेच मला कळेना. मागे बसलेल्या बाई नंतर म्हणाल्या, "अक्षरं मऊ पडण्याचा पाठ तुझा छान झाला होता." साहजिक आहे, त्यावर मी स्वतः महिनाभर रडले होते. आयतं मिळालेलं शिकवता येत नाही हे माझ्या झेडपीतल्या आईला केव्हाच ठाऊक असणार, पण बोलली नाही कधी.

दुसऱ्या दिवशी टाचण बाजूला ठेवलं आणि कापडी कुत्रा नेला. ज्याच्या हातात कुत्रा, त्याने 'हा कू अकम' म्हणायचं. पुढच्याला देताना 'हा कू अकत', तुझ्याकडे. तिसऱ्या फेरीला कुणी 'मी' शोधत नव्हतं.

शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीने कुत्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा कू अकिव." तुमच्याकडे! आदरार्थी रूप मी अजून शिकवलंच नव्हतं.

"कुठे ऐकलंस?"

"आजी लुईस बेटावरची आहे. तिच्याशी असंच बोलायचं असतं."