काय बंद केलंत?

माझं वजन उतरलेलं दिसल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "काय बंद केलंत?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: काहीच नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. मी काहीतरी लपवतेय, अशी त्याची खात्रीच होते.

बंद करून बघितलं होतं की आधी! गोड, तळलेलं, धान्य, रात्रीचं जेवण, सगळं एका सोमवारपासून. (असे निश्चय बुधवारी का होत नाहीत कोण जाणे.) आठवड्यात काटा तीन किलो खाली आला आणि मी हरखून गेले. ती चरबी नव्हतीच. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यात तीन किलो चरबी घालवायला रोज ३,३०० कॅलरींची तूट लागली असती. एरवी मी दिवसभरात तेवढं खातही नव्हते!

अडीच महिन्यांनी सगळं वजन परत आलं, वर दोन किलो व्याज. त्या दिवसांत मी रात्री अंथरुणात पाककृतींचे व्हिडिओ बघत पडायचे. पुढे १९४४-४५ सालच्या, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झालेल्या उपासमारीच्या प्रयोगाबद्दल वाचलं. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले होते. वाचून फार बरं वाटलं. माझ्या मनाच्या दुबळेपणाचा तो दोष नव्हता, भुकेचा होता.

दुसऱ्या खेपेला मोजायला घेतलं ते तेल. १५ मिलीचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. सत्तर किलोच्या माणसानं अर्धा तास चालून जेमतेम तेवढ्याच खर्च होतात. मी अंदाजानं ओतत होते ते तीन चमचे भरलं. ते निम्म्यावर आणलं. अर्धं ताट भाज्या-फळांचं आणि दोन्ही जेवणांत डाळी, अंडी किंवा दही असं काहीतरी प्रथिनांचं. पोट भरलेलं असलं की गोडाचा एक तुकडा खाऊन थांबता येतं, हे मला चाळिशीत कळलं.

मग चालायचं कशाला? जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग सगळे गाळतात, मीही गाळला होता. कमी खाताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनं उचलली तर ते बरेचसे टिकतात. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांपासून सुरुवात केली. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र आहार-व्यायामातला कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

तेरा महिन्यांत अकरा किलो. सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो, मग कधी महिनाभर काहीच नाही. हलक्या शरीराला कमी इंधन लागतं, त्यामुळे जुनी तूट पुरेनाशी होते. मनात धरलेल्या आकड्यापर्यंत अजून चार किलो उतरायचे आहेत. त्यांच्यासाठी रात्रीच्या जेवणाला कात्री लावावी लागेल आणि तेवढी हौस मला नाही.